हार्ड (इंग्रजी विशेषण)

हार्ड हे इंग्रजी भाषेतील एक बहुप्रचलित विशेषण आहे. दाबले असता न दबणारे, टणक, घट्ट हा त्याचा मूळ अर्थ असून त्यापासून अवघड, खडतर, कठोर, कष्टप्रद, तीव्र, खात्रीलायक, मादक असे अनेक अर्थ निघाले आहेत. रसायनशास्त्र, धातुशास्त्र, वनस्पतिशास्त्र, ध्वनिशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा आणि संगणकशास्त्र या विषयांत या शब्दाला स्वतंत्र पारिभाषिक अर्थ आहेत. मराठीत त्याच्यासाठी कोणताही एक प्रतिशब्द पुरत नाही. संदर्भानुसार कठीण, कठोर, कडक, टणक, अवघड, खडतर, कणखर, निष्ठुर, निबर, सक्त यांपैकी शब्द निवडावा लागतो आणि निवड चुकल्यास वाक्याचा अर्थच नव्हे, तर त्यातील वस्तुस्थितीही बदलू शकते.

व्युत्पत्ती

हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘हेआर्ड’ या रूपातून आला आहे. जर्मन ‘हार्ट’, डच ‘हार्ड’ आणि स्वीडिश ‘होर्ड’ हे त्याचे सगोत्र शब्द होत. ग्रीक भाषेतील सामर्थ्यवाचक ‘क्रातोस’ हा शब्दही याच कुळातला मानला जातो. ‘डेमोक्रसी’ या शब्दाच्या उत्तरार्धात तोच आहे. जुन्या जर्मानिक लोकांत शौर्यदर्शक नावांच्या शेवटी हा शब्द जोडण्याची प्रथा होती. रिचर्ड, बर्नार्ड, जेरार्ड, लिओनार्ड ही नावे तिची साक्ष देतात. बर्नार्ड म्हणजे अस्वलासारखा कणखर आणि लिओनार्ड म्हणजे सिंहासारखा धीट. फ्रेंच भाषेत गेल्यावर मात्र या प्रत्ययाला हेटाळणीची छटा आली आणि तो त्याच रूपात इंग्रजीत परतला. मद्यपी या अर्थाचा ‘ड्रंकर्ड’ आणि भेकड या अर्थाचा ‘कॉवर्ड’ या शब्दांच्या शेवटी तोच प्रत्यय आहे. म्हणजे भित्र्या माणसाला दिलेल्या नावातही शौर्यवाचक शब्दच दडला आहे. ‘हार्डी’ (काटक) हा शब्दही थेट जुन्या इंग्रजीतून आलेला नसून जर्मानिक मुळापासून फ्रेंचमार्गे आलेला आहे.

व्याकरण

हार्ड हे विशेषण आहे, तसेच क्रियाविशेषणही आहे. खूप मेहनत करणे या अर्थी ‘वर्क हार्ड’ असे म्हणतात. येथे ‘-ली’ प्रत्यय लागत नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक या ठिकाणी होते. विशेषणाला ‘-ली’ लावला की क्रियाविशेषण होते, हा नियम पाठ असल्यामुळे ते ‘वर्क्स हार्डली’ अशी रचना करतात. तिचा अर्थ जवळजवळ उलट, म्हणजे ‘क्वचितच काम करतो’ असा होतो. ‘हार्डली’ या शब्दाचा अर्थ पूर्वी ‘जोराने’ किंवा ‘कष्टाने’ असाच होता. जे कष्टाने घडते ते जेमतेम घडते, या वाटेने त्याला ‘जेमतेम’, ‘क्वचितच’ हा अर्थ आला आणि मूळ अर्थ मागे पडला. आज तो व्यवहारात नकारार्थी शब्द असून त्याच्याबरोबर दुसरा नकार वापरत नाहीत.

या विशेषणाचा नेमका अर्थ ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे त्याचा विरुद्धार्थी शब्द पाहणे. खुर्ची हार्ड असेल, तर विरुद्धार्थी शब्द ‘सॉफ्ट’ (मऊ) असतो. प्रश्न हार्ड असेल, तर तो ‘ईझी’ (सोपा) असतो. मराठीतील ‘कठीण’ या शब्दालाही असे दोन पदर आहेत. कठीण दगड आणि कठीण गणित ही दोन्ही आपण सहज म्हणतो. मात्र कठीण चहा किंवा कठीण ऊन असे म्हणत नाही; तेथे ‘कडक’च हवा. इंग्रजीत कडक चहासाठी हार्ड हा शब्द चालत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पदार्थांची कठिनता

धातुशास्त्र व खनिजशास्त्र यांत हार्ड या शब्दाला मोजता येणारा अर्थ आहे. ओरखडा किंवा खळगा पडण्यास पदार्थ जो विरोध करतो, त्यास कठिनता म्हणतात. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिश मोस यांनी 1812 साली दहा खनिजांची श्रेणी तयार केली. तिच्यात चढत्या क्रमाने शंखजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, अ‍ॅपेटाइट, ऑर्थोक्लेज, क्वार्ट्झ, पुष्कराज, कुरुविंद आणि हिरा येतात. वरच्या क्रमांकाचे खनिज खालच्यावर ओरखडा काढू शकते. माणसाच्या नखाची कठिनता या श्रेणीवर साधारण 2.5 भरते, म्हणून नखाने जिप्समवर चरा पडतो, कॅल्साइटवर पडत नाही. ही श्रेणी केवळ क्रम सांगते, प्रमाण नव्हे. कुरुविंद (9) आणि हिरा (10) यांत एकाच अंकाचा फरक दिसत असला, तरी प्रत्यक्ष मापनात हिरा कुरुविंदाच्या कित्येक पट कठीण ठरतो.

कारखान्यांत खळग्यावरून कठिनता मोजतात. स्वीडिश अभियंता योहान आउगुस्ट ब्रिनेल यांनी 1900 साली पोलादी गोळी दाबून तिच्या खळग्याचा व्यास मोजण्याची पद्धत मांडली. त्यानंतर रॉकवेल आणि व्हिकर्स या पद्धती आल्या. व्हिकर्स चाचणीत 136 अंशांचा कोन असलेला हिऱ्याचा पिरॅमिड वापरतात.

कठीण म्हणजे न तुटणारा, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. हिऱ्यावर ओरखडा काढणे दुरापास्त असले, तरी हातोडीच्या घावाने तो फुटतो. काच लोखंडी खिळ्यापेक्षा कठीण असू शकते, पण ती ठिसूळ असते. तुटण्यास होणारा विरोध हा वेगळा गुण असून त्याला चिवटपणा म्हणतात. लोहाराला हा फरक पुस्तकाविना ठाऊक असतो. कोयत्याचे किंवा विळ्याचे पाते लाल तापवून पाण्यात बुडवणे, म्हणजेच पात्याला ‘पाणी देणे’, यामुळे पोलाद कठीण होते, पण त्याबरोबर ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून थोडी कठिनता घालवावी व चिवटपणा मिळवावा लागतो. मराठीतील ‘पाणीदार’ हे विशेषण तलवारीला लागते, ते याच प्रक्रियेची आठवण करून देते.

चुंबकीय पदार्थांतही कठीण व मृदू असे प्रकार करतात. एकदा आलेले चुंबकत्व सहजी न सोडणारा पदार्थ कठीण, तर लगेच सोडणारा मृदू. कठीण केलेले पोलाद चुंबकत्व टिकवून धरते, या निरीक्षणातून हे नाव आले. क्ष-किरणांना हार्ड म्हणतात तेव्हा कठिनतेचा संबंध नसतो. अधिक ऊर्जेचे व अधिक भेदक किरण एवढाच अर्थ असतो.

पाणी

कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असलेल्या पाण्याला इंग्रजीत ‘हार्ड वॉटर’ म्हणतात. अशा पाण्यात साबणातील मेदाम्लांचे अविद्राव्य क्षार तयार होऊन साका बसतो व फेस येत नाही. म्हणूनच मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला ‘दुष्फेन पाणी’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दापेक्षा हा प्रतिशब्द अधिक नेमका आहे, कारण तो घट्टपणाची उपमा टाळून थेट लक्षण सांगतो. बायकार्बोनेटांमुळे आलेली दुष्फेनता पाणी उकळल्याने जाते, म्हणून ती अस्थायी. सल्फेट व क्लोराइड यांच्यामुळे आलेली उकळून जात नाही, म्हणून ती स्थायी. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात लिटरमागे 200 मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास 600 मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. कॅल्शियम डाळीतील पेक्टिनाशी बांधले जाते व दाणा मऊ होत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकण्याचा घरगुती उपाय त्यामुळेच लागू पडतो.

बोलीभाषेत विंधन विहिरीच्या अशा पाण्याला ‘जड पाणी’ म्हणतात आणि येथे गोंधळाला सुरुवात होते. अणुविज्ञानात ‘जड पाणी’ ही संज्ञा पूर्णपणे वेगळ्या द्रवासाठी रूढ आहे. त्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम हा जड समस्थानिक असतो आणि त्याची घनता साध्या पाण्याहून सुमारे 11 टक्के अधिक असते. इंग्रजीत ते ‘हेवी वॉटर’ असते, हार्ड नव्हे. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे जड पाण्याचा प्रकल्प आहे. तेथील उत्पादनाचा उपयोग अणुभट्ट्यांत न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठी व भट्टी थंड राखण्यासाठी होतो. नळाला येणाऱ्या ‘जड’ पाण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. पाणीपुरवठ्याविषयी मराठीत लिहिताना ‘दुष्फेन’ किंवा ‘क्षारयुक्त’ हा शब्द वापरणे त्यामुळे सुरक्षित ठरते.

लाकूड व धान्य

‘हार्डवुड’ ही संज्ञा सर्वांत फसवी म्हणावी लागेल. तिचा लाकडाच्या प्रत्यक्ष कठीणपणाशी संबंध नसून वनस्पतीच्या गटाशी आहे. सपुष्प, आवृतबीजी वृक्षांचे लाकूड ते हार्डवुड आणि पाइन, देवदार यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे ते सॉफ्टवुड. सागवान या हिशोबाने हार्डवुड आहेच. पण ज्याच्या हलक्या लाकडाच्या आगकाड्या करतात, ती काटेसावरही हार्डवुडच. खेळण्यातली विमाने ज्याची बनवतात ते बाल्सा लाकूड नखाने दबते, तरी तेही याच वर्गात मोडते. याउलट यू हा सूचिपर्णी वृक्ष सॉफ्टवुडमध्ये गणला जाऊनही चांगलाच टणक असतो.

गव्हाच्या बाबतीत मात्र शब्द प्रामाणिक आहे. दाणा दळताना किती विरोध करतो यावरून गहू हार्ड किंवा सॉफ्ट ठरतो. ड्युरम गव्हाचे नावच ‘कठीण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. महाराष्ट्रातील बन्सी गहू याच प्रकारचा असून रवा व शेवया यांसाठी तो नावाजला जातो.

ध्वनिशास्त्र

इंग्रजी वर्णलेखनात ‘सी’ आणि ‘जी’ या अक्षरांचे हार्ड व सॉफ्ट असे दोन उच्चार सांगतात. ‘कॅट’मधील क आणि ‘गोट’मधील ग हे हार्ड, ‘सिटी’मधील स आणि ‘जेम’मधील ज हे सॉफ्ट. मराठी व्याकरणातही कठोर व मृदू वर्ण आहेत, परंतु त्यांचे तत्त्व निराळे आहे. प्रत्येक वर्गातील पहिली दोन व्यंजने आणि श, ष, स ही कठोर, तर तिसरे व चौथे व्यंजन मृदू. हा भेद घोषाचा, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनाचा आहे; इंग्रजीतला भेद उच्चारस्थान व उच्चारपद्धती यांचा आहे. त्यामुळे इंग्रजीतील ‘हार्ड’ ग मराठी व्याकरणानुसार मृदू ठरतो आणि ‘सॉफ्ट’ स कठोर ठरतो. वाक् + ईश्वर = वागीश्वर किंवा विपद् + काल = विपत्काल अशा संधी शिकताना इंग्रजीतील संज्ञा डोक्यात ठेवल्यास उत्तर नक्कीच चुकते. रशियन भाषेत हेच दोन शब्द तिसऱ्याच अर्थाने, व्यंजनाच्या तालव्यीकरणासाठी वापरतात.

कायदा

‘हार्ड लेबर’ ही ब्रिटिश कायद्यातील शिक्षा होती. इंग्लंड व वेल्समध्ये ती 1948 च्या कायद्याने रद्द झाली. भारतीय दंड संहितेच्या (1860) कलम 53 मध्ये कारावासाचे दोन प्रकार होते, साधा आणि सश्रम. सश्रम प्रकाराचे स्पष्टीकरण याच शब्दांनी केले होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 4 मध्येही ही विभागणी कायम आहे. मराठीतील ‘सक्तमजुरी’ हा रूढ शब्द फारसीतून आला असून फारसीत ‘सख्त’ म्हणजे टणकच. तेव्हा हा शब्द इंग्रजी संज्ञेचा अगदी शब्दशः जोडीदार आहे. लोकमान्य टिळकांना 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात झालेली शिक्षा 18 महिने सक्तमजुरीची होती.

अर्थव्यवहार व संगणक

मूल्य टिकवून धरणाऱ्या आणि कोठेही सहज बदलून मिळणाऱ्या चलनाला ‘हार्ड करन्सी’ म्हणतात. अमेरिकी डॉलर, युरो व स्विस फ्रँक ही त्याची उदाहरणे. पूर्वी ‘हार्ड मनी’ म्हणजे कागदी नोटांहून वेगळी अशी धातूची नाणी. मराठीतील ‘खणखणीत नाणे’ या प्रयोगामागेही हीच भावना आहे.

‘हार्डवेअर’ हा शब्द संगणकाहून कित्येक शतके जुना असून त्याचा अर्थ लोखंडी सामान असा होता. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे विकणाऱ्या दुकानाच्या पाटीवर आजही तोच शब्द त्याच अर्थाने दिसतो. संगणकाच्या यंत्रभागांना तो लागू झाल्यावर त्याच्या विरोधात ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द आला. अमेरिकी गणिती जॉन ट्युकी यांनी 1958 साली तो छापील लेखात वापरला. ‘हार्ड डिस्क’ हे नाव लवचिक ‘फ्लॉपी’ डिस्कपासून वेगळेपणा दाखवण्यासाठी रूढ झाले. फ्लॉपी नाहीशी झाली, नाव मात्र उरले.

मराठी बोलीतील वापर

‘हार्ड कॉपी’, ‘हार्ड वर्क’, ‘हार्ड ड्रिंक’ (मद्य) हे जोडशब्द मराठी बोलण्यात जसेच्या तसे आले आहेत. ठाम नियम या अर्थाच्या ‘हार्ड अँड फास्ट’ या प्रयोगाचे मूळ मात्र नौकानयनात आहे. तळाला घट्ट रुतून हलेनासे झालेले जहाज असा त्याचा पहिला अर्थ होता. अलीकडे तरुणांच्या बोलीत, विशेषतः पश्चिम महाराष्ट्रात, ‘विषय हार्ड’ हा प्रयोग कौतुकासाठी केला जातो. येथे विषय अवघड असल्याचे सांगायचे नसून एखादी व्यक्ती, गाडी किंवा कामगिरी जबरदस्त असल्याचे सांगायचे असते. इंग्रजी भाषकाला हा अर्थ त्याच्या कोशात सापडणार नाही. मराठीतील ‘भारी’ या विशेषणाने वजनापासून प्रशंसेपर्यंत जो प्रवास केला, त्याच्या शेजारी तो बसतो.