कातारिना दे सान हुआन : एका बंदिवान हिंदी कन्येच्या कुळाचा शोध

लेवीयाच्या ग्रंथात ज्युबिली वर्षाचा जो नियम घालून दिला आहे, त्यात दोन गोष्टी मुख्य आहेत. दास्यात पडलेल्यास मोकळे करावे, ही पहिली. आणि मोकळे झालेल्याने आपल्या कुळाकडे व आपल्या वतनाकडे परत जावे, ही दुसरी. धर्मग्रामाची ज्युबिली आली म्हणजे रोषणाई, मिरवणूक व सहभोजन यांची तयारी आपण मोठ्या हौसेने करतो. परंतु या दुसऱ्या गोष्टीचा विचार क्वचितच मनात येतो. सुटका झालेल्या मनुष्यास परत जाण्यासाठी घर लागते, आणि त्या घरी त्याला ओळखणारे कोणीतरी असावे लागते. जिला सुटका लाभली, पण घर मरेपर्यंत लाभले नाही, अशा एका हिंदी स्त्रीच्या कुळाचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

मेक्सिको देशातील पूएब्ला नगरात येशूसंघाचे एक भव्य मंदिर आहे. त्या मंदिरात १६८८ साली एका वृद्ध स्त्रीचे दफन झाले. तिचे नाव कातारिना दे सान हुआन. ती ५ जानेवारी रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी, प्रभूच्या घरी गेली. सारे नगर तिला ओळखत होते व बहुत लोक तिला साध्वी मानीत होते. तिचे बालपणीचे नाव मिर्रा असे होते, असे तिचे चरित्रकार सांगतात. मिर्रा म्हणजे गंधरस. पूर्वेकडील ज्ञानी जनांनी बाळ येशूपुढे ठेवलेल्या तीन भेटींपैकी ती एक होय, आणि चवीला ती कडू असते.

तिची हकीकत अशी. सतराव्या शतकाच्या आरंभी, मोगल बादशाहीच्या मुलखात जन्मलेल्या या बालिकेस पोर्तुगीज गुलाम-व्यापाऱ्यांनी समुद्रकिनाऱ्यावरून पळवून नेले. कोचीन बंदरात तिला बाप्तिस्मा मिळाला व कातारिना हे नाव ठेवण्यात आले. तेथून तिला फिलिपाईन्स बेटांतील मनिला येथे नेऊन विकले. मनिला व मेक्सिकोचे आकापुल्को बंदर यांच्यामध्ये १५६५ पासून १८१५ पर्यंत स्पेनची गलबते ये-जा करीत. मेक्सिकोकडे जाताना ती रेशीम, मसाले व चिनी भांडी भरून नेत. त्याच मालाबरोबर माणसेही नेली जात. तो प्रवास चार ते सहा महिन्यांचा असे. अशा एका गलबतातून १६२१ च्या सुमारास ही मुलगी मेक्सिकोस पोहोचली आणि पूएब्लाच्या मिगेल दे सोसा नावाच्या निपुत्रिक व्यापाऱ्याच्या घरी दासी झाली.

वसईच्या ख्रिस्ती जनांना हा जलमार्ग अगदीच परका नाही. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया मनिला येथेच फ्रान्सिस्कन झाले व तेथूनच जपानात गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांच्याबरोबर क्रुसावर ज्यांनी प्राण दिला, त्यांत मेक्सिकोचे संत फिलिप होते. ते मनिलाहून मेक्सिकोस परत निघाले असता वादळाने त्यांचे गलबत जपानच्या किनाऱ्यास लागले होते. एकाच समुद्रावरून एकजण स्वखुशीने सुवार्ता सांगावयास गेला आणि एक बालिका दोरखंडाने बांधून नेली गेली. दोन्ही गलबतांच्या शिडांवर क्रुसाचेच चिन्ह होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

सोसाच्या मृत्यूनंतर कातारिना दास्यातून मुक्त झाली. पुढे पेद्रो सुआरेस नामक धर्मगुरूंच्या घरी ती चाकरीस राहिली. १६२६ साली त्याच धर्मगुरूंच्या दोमिंगो सुआरेस नामक आशियाई दासाशी तिचा विवाह झाला. वैवाहिक जीवनातही तिने ब्रह्मचर्य पाळले. पतीच्या मागे येशूसंघाच्या महाविद्यालयाशेजारी एका लहानशा खोलीत ती कष्ट, उपवास व प्रार्थना यांत राहिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि साठ-पासष्ट वर्षे त्या देशात काढूनही तिची स्पॅनिश भाषा मोडकीतोडकीच राहिली.

आता तिच्या कुळाकडे वळू. तिच्या मरणानंतर लवकरच तिच्या पापनिवेदकांनी तिची चरित्रे लिहिली. येशूसंघीय फादर आलोन्सो रामोस यांनी १६८९, १६९० व १६९२ साली तीन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. त्यांत तिला मोगल राजघराण्याची कन्या ठरविले आहे. १६९२ सालीच होसे देल कास्तियो ग्राहेदा या दुसऱ्या धर्मगुरूंनी तिचे एक लहान चरित्र लिहिले. त्यात तिचे मोडके बोलणेही टिपून ठेवले आहे. या ग्रंथांवरूनच ती ‘हिंदची राजकन्या’ म्हणून प्रसिद्धीस आली.

या साक्षीचे वजन किती धरावे? ती स्वदेशातून गेली तेव्हा अजाण बालिका होती. तिने स्वहस्ते एक अक्षरही लिहिले नाही. तिचे शब्द आपणांपर्यंत आले ते दुसऱ्यांच्या लेखणीतून, आणि तेही परक्या भाषेत. शिवाय त्या काळच्या सत्पुरुषचरित्रांत नायिका थोर कुळातली असावी, असा जणू पाठच पडून गेला होता. उलट सरकारी व धर्मग्रामीय कागद पाहिले तर राजकन्या कोठेच सापडत नाही. त्या काळी मेक्सिकोत आशियातून आलेल्या सर्वांनाच, मग ते हिंदी असोत वा फिलिपिनो, ‘चिनो’ म्हणत. आणि कातारिनाही लोकांच्या तोंडी ‘चिना’च होती. हिंदुस्थानचे नाव त्या एका शब्दाने पुसून टाकले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘चिना पोब्लाना’ या नावाच्या मेक्सिकन पोषाखाशी तिची सांगड घालण्यात आली. त्या भरजरी, रंगीबेरंगी घागऱ्याचा आणि या व्रतस्थ स्त्रीच्या जाड्याभरड्या वस्त्राचा संबंध नाही, हे संशोधकांनी विसाव्या शतकात दाखवून दिले.

ख्रिस्तसभेनेही सावधगिरी बाळगली. अधिकृत निर्णयापूर्वी कोणाचीही संत म्हणून भक्ती करू नये, असा पोप आठवे अर्बन यांचा दंडक होता. त्यास अनुसरून इन्क्विझिशन नामक धर्मन्यायपीठाने १६९१ साली तिच्या चित्रांवर व १६९६ साली रामोस यांच्या ग्रंथावर बंदी घातली.

याप्रमाणे राजवंश गळून पडतो, आणि हाती उरते ती एका अज्ञात आईबापांची चोरीस गेलेली मुलगी. माझ्या मते तिचे खरे कुळ हेच, आणि त्यात लाजण्यासारखे तिच्याकडून काहीच नाही. लाज असेल तर ती विकणाऱ्याची व विकत घेणाऱ्याची. विकणारे व घेणारे बाप्तिस्मा घेतलेलेच होते. मेक्सिकोतील अशा आशियाई दासांच्या मुक्ततेचा हुकूम स्पेनच्या राजसत्तेने १६७२ साली काढला. तोवर कातारिना वृद्ध झाली होती. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी सेनेगलच्या गोरे बेटावर जाऊन गुलामांच्या व्यापाराबद्दल क्षमायाचना केली. ती आफ्रिकेच्या लेकरांसाठी होती. परंतु त्या पातकाच्या हिशेबात ही हिंदी मुलगीही मोडते.

आपणही वंशावळ शोधावयास निघालो म्हणजे बहुधा एखाद्या देसायापाशी, वतनदारापाशी किंवा फिरंगी कप्तानापाशी येऊन समाधानाने थांबतो. भात लावणाऱ्या, मासळीची पाटी वाहणाऱ्या, दुसऱ्याच्या घरी दळण दळणाऱ्या पणजीपाशी थांबावे, असे कोणास वाटत नाही. कातारिनाच्या चरित्रकारांनी जे केले तेच आपण घरोघरी करीत असतो. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवणे धर्मगुरूंस बंधनकारक केले. त्या वहीत श्रीमंत व गरीब यांची नावे एकाच शाईने, एकाखाली एक लिहिली जातात. माझी आपणांस विनंती आहे की, या ज्युबिली वर्षात प्रत्येक कुटुंबाने आपल्या वृद्धांपाशी बसून आजीचे, पणजीचे व तिच्या माहेरचे नाव विचारून लिहून ठेवावे. जी कोठून आली हे कोणास ठाऊक नाही, तिचेही नाव गाळू नये.

कातारिना वेदीवर चढलेली नाही. म्हणून तिला प्रार्थना न करता तिच्यासाठी प्रार्थना करणे हेच योग्य. तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी तिची, तिच्या आईबापांची, आणि किनाऱ्यावर वाट पाहत राहिलेल्या अशा सर्व आईबापांची आठवण मिस्साबलीत करावी. ज्या घरी तिला पृथ्वीवर परत जाता आले नाही, त्याहून थोर घरी दयाळू पित्याने तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली असेल, अशी आपली श्रद्धा आहे.