नारू, किल्लारी आणि शोधाचा शब्द

साठी ओलांडलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला नारू म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पायावर फोड यायचा, तो फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावायचा. घरातले जाणते माणूस तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचे. मध्येच तुटला की पाय सुजायचा आणि ऐन पेरणीत कर्ता गडी अंथरुणाला खिळायचा. पायऱ्या उतरून ज्यांच्या पाण्यात शिरावे लागे, त्या बारवा आणि विहिरी हे या रोगाचे घर. पाणी गाळून पिण्याची सवय लागली, हातपंप आले आणि नारू हटला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

रोग गेला, पण त्याच्यावरचे लेखन शोधताना माझी जी फजिती झाली, ती अजून आठवते.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. एका विद्यार्थिनीला नारूवरचे जुने लेख हवे होते. मी संगणकावर ‘गिनी वर्म’ हा शब्द टाकला. जे लेख आले ते छापून तिच्या हाती दिले आणि काम झाले असे समजलो. आठवड्याने तिचे सर स्वतः आले. म्हणाले, “अहो, ‘ड्रॅकन्क्युलायसिस’ पाहिलंत का? आणि जुने डॉक्टर ‘ड्रॅकाँटियासिस’ लिहायचे, ते?” मी दोन्ही पाहिले नव्हते. जंत एकच आणि नावे चार. मी एकाच दारावर थाप मारून घरात कोणी नाही म्हणून परत फिरलो होतो.

ही अडचण फार जुनी. अमेरिकी लष्करातले शल्यचिकित्सक जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केला. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतल्या लेखांची ती विषयवार सूची. लातूरच्या आडत बाजारातल्या माणसाला सोप्या भाषेत सांगायचे तर नियतकालिके म्हणजे कीर्द आणि ही सूची म्हणजे खतावणी. पुढे १९६० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ‘मेश’ नावाचा शब्दसंग्रह काढला. लेखकाने काहीही शब्द वापरो, सूचीकार लेख वाचून ठरलेल्या नावाच्या खात्यावर तो टाकायचा. १९६४ पासून हे काम संगणकावर आले आणि १९९७ पासून ‘पबमेड’च्या रूपाने ते जगाला फुकट खुले झाले.

पण खतावणी एकच नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅममध्ये ‘एक्सेर्प्टा मेडिका’ निघाले. त्यातून ‘एम्बेस’ आले आणि त्याचा ‘एमट्री’ हा शब्दसंग्रह वेगळा. एका आडतीत ‘शंकरराव पाटील’ आणि दुसऱ्या आडतीत ‘पाटील शंकरराव’ असे खाते असावे, तसला प्रकार. मोठ्या आघातानंतर मनाला जडणाऱ्या विकाराला एमट्री ‘पोस्टट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ म्हणते. मेशमध्ये तेच नाव उलटून ‘स्ट्रेस डिसऑर्डर्स, पोस्ट-ट्रॉमॅटिक’ असे लागते. एका सूचीतला शब्द जसाच्या तसा दुसरीत टाकला, तर हाती काय लागेल याचा भरवसा नाही. हे शब्दसंग्रह एकमेकांशी जुळवण्यासाठी त्याच अमेरिकी ग्रंथालयाने १९८६ साली एक स्वतंत्र प्रकल्पच हाती घेतला.

हा विकार आपल्याला परका नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि आसपासची गावे दगडमातीखाली गेली. हजारो माणसे झोपेतच गेली. मागे राहिलेल्यांच्या जखमांवर, त्यांच्या मनावर डॉक्टरांनी पुढे लिहिले. पण ते सापडते कुठे? कोणी त्याला ‘लातूर भूकंप’ म्हणतो, कोणी ‘किल्लारी’, इंग्रजीत कोणी ‘खिल्लारी’, कोणी ‘मराठवाडा’, तर कोणी नुसतेच ‘महाराष्ट्र’. एकच नाव टाकणाऱ्याच्या हाती तुकडा लागतो आणि तो त्यालाच सगळे समजतो. मग पुढच्या भूकंपात, दुसऱ्या गावात, आपल्या माणसांनी सोसून शिकवलेले कोणाच्या उपयोगी पडायचे?

आपल्या भागाची नावेही स्थिर राहिली नाहीत. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. तेव्हाची आपली दुखणी ‘हैदराबाद’ या नावाखाली नोंदलेली. इंग्रजी गॅझेटियरात नांदेडचे ‘नांदेर’ झालेले. १९८२ पर्यंत लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि त्या उस्मानाबादचे आता धाराशिव झाले आहे. यंत्र हुशार झाले, बरेच पर्यायी शब्द आपणहून जोडू लागले. पण बारवेकाठच्या माणसाने दिलेले नाव त्याला कोणीतरी सांगावेच लागते.

त्या फजितीनंतर मी एक सवय लावून घेतली. कोणी विषय घेऊन आला की यंत्राला हात लावण्याआधी कोरा कागद पुढे ओढायचा आणि विचारायचे, “याला आणखी काय काय म्हणतात?” रोगाची नावे, गावाची नावे, जुनी, नवी, चुकीच्या स्पेलिंगची, सगळी लिहायची. मग प्रत्येक सूचीत त्यातले कोणते चालते ते पाहायचे. त्या विद्यार्थिनीलाही मी पुन्हा बोलावून घेतले. तिच्या कागदावर आम्ही पहिला शब्द लिहिला, ‘नारू’. त्या शब्दाखाली एकही लेख मिळाला नाही. पण बाकीचे सगळे शब्द त्याच्याच खाली ओळीने लिहीत गेलो आणि या वेळी छापलेल्या कागदांचा गठ्ठा तिला दोन्ही हातांनी उचलावा लागला.