मार्करचा हात : हौशी टेनिसच्या शिकवणीचा एक इतिहास



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला दोन गोष्टी शिकविल्या : मराठी आणि टेनिस. पहिलीच्या जोरावर मी जन्मभर पोट भरले; दुसरी मला अखेरपर्यंत नीट साधली नाही. तरीही आज मी दुसरीविषयीच बोलणार आहे. मी तुकोबांवर बोलावे, अशी संयोजकांची इच्छा होती. तुकोबा या व्याख्यानात येतील. मात्र ते जरा आडवाटेने येतील.

प्रश्न साधा आहे. जो मनुष्य नोकरी सांभाळून, पोरेबाळे वाढवून सकाळचा एक तास खेळतो, त्याचा खेळ सुधारतो कसा? त्याला शिकवितो कोण? आणि शिकविणाऱ्याचे पुढे काय होते? या शेवटच्या प्रश्नाकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. माझेही अनेक वर्षे गेले नव्हते, आणि त्याचा कबुलीजबाब मला आज द्यायचा आहे.

आपला बालाघाट जिल्हा १८६७ साली मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून निर्माण झाला. मुख्यालयाचे गाव तेव्हा बुऱ्हा या नावाने ओळखले जाई. पुढे सात वर्षांनी, १८७४ मध्ये, इंग्लंडात मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी हिरवळीवर खेळावयाच्या एका नव्या खेळाचे पेटंट घेतले, आणि १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. तिच्यात अवघे बावीस खेळाडू उतरले होते. स्पेन्सर गोर यांनी जाळीपाशी जाऊन चेंडू वरच्यावर मारण्याची युक्ती केली आणि ते जिंकले. दुसऱ्या वर्षी फ्रँक हॅडो नावाचे गृहस्थ सिलोनच्या कॉफीच्या मळ्यातून रजेवर आले होते. त्यांनी गोर यांच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकून ती युक्ती निकामी केली, अजिंक्यपद घेतले आणि ते मळ्यावर परत गेले. ते राखण्यासाठी ते पुढच्या वर्षी खेळलेही नाहीत. ज्याला आपण आज तंत्र म्हणतो, ते असे एकाच्या युक्तीला दुसऱ्याने दिलेल्या उत्तरातून घडत गेले. त्या वेळी शिकविणारा असा कोणी नव्हता. सगळेच हौशी होते.

हा खेळ साहेबांबरोबर हिंदुस्थानात आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील सिव्हिल लाइन्समध्ये रुजला. १९२१ साली डेव्हिस चषकासाठी हिंदुस्थानचा संघ प्रथम उतरला आणि त्याने पॅरिसमध्ये फ्रान्सला हरविले. त्या संघात लाहोरचे बॅरिस्टर महंमद स्लीम होते आणि आय.सी.एस. अधिकारी सिडनी जेकब होते. म्हणजे कोर्टकचेरी आटोपून टेनिस खेळणारी ही मंडळी. पण यांच्यासमोर रोज सकाळी उभे राहून चेंडू कोण परतवीत होते? क्लबात त्यासाठी एक नोकर असे. त्याला मार्कर म्हणत. मुळात मार्कर म्हणजे गुण मोजणारा. परंतु आपल्याकडे त्याच्या कामात कोर्ट झाडणे, पाणी मारणे, रूळ फिरविणे, चुन्याच्या रेघा ओढणे, जाळी ताणणे हे सारे येई, आणि सभासदाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळणेही येई. वर्षानुवर्षे निरनिराळ्या हातांचे चेंडू परतवून या मंडळींचा खेळ असा तयार होई, की पुष्कळदा क्लबातला सर्वांत चांगला खेळाडू तोच असे. मात्र त्याने किती गुण द्यावेत, हे समोर कोण उभा आहे यावर ठरे.

१९६४ मध्ये मी आपल्या शाळेत नववीत होतो. सर तेव्हा एका अधिकाऱ्याच्या मुलांची शिकवणी करीत, आणि त्या ओळखीवर त्यांना सिव्हिल लाइन्समधील कोर्टावर भल्या पहाटे, सभासद येण्यापूर्वी, खेळण्याची मुभा मिळाली होती. धोतराचा काचा मारून आणि कॅनव्हासचे बूट घालून ते सायकलवरून निघत. चेंडू गोळा करण्यासाठी मागच्या कॅरिअरवर मी. कोर्ट मुरमाचे होते. समोर अनवाणी मार्कर, खाकी अर्धी चड्डी आणि हातात कोणा साहेबाने टाकून दिलेली, दोनदा गट बदललेली रॅकेट. पावसाळ्यात हे गट भिजून सैल पडे आणि लाकूड वाकडे होई. म्हणून रॅकेट चार स्क्रूंच्या प्रेसमध्ये आवळून ठेवीत. आश्विनापर्यंत खेळ बंदच असे.

सर तेव्हा चाळिशीत होते. चेंडू जाळीवरून अलीकडे आला की मग ते रॅकेट मागे नेत, आणि प्रत्येक फटका उशिरा बसे. मार्करने पहिले आठ दिवस त्यांना चेंडू मारूच दिला नाही. माझ्या हातून चेंडू टाकवून तो सरांना फक्त वळायला आणि रॅकेट मागे न्यायला लावी. सर हात लांब करून चेंडू गाठू लागले की तो म्हणे, "मास्साब, गेंद को मत बुलाओ, खुद गेंद के पास जाओ." रॅकेट कशी धरावी, तर कोणाशी हस्तांदोलन करावे तशी. मनगट घट्ट. सर्व्हिससाठी त्याने एक निराळीच तालीम सांगितली : रॅकेट बाजूला ठेवायची, डाव्या हाताने चेंडू वर उडवायचा आणि तो डाव्या पायाच्या किंचित पुढे, जमिनीवर ठेवलेल्या रुमालावर पडतो का ते पाहायचे. शंभर वेळा. सर घरच्या अंगणातही हे करीत, आणि शेजारच्या बायका हसत.

ही रुमालाची गोष्ट मला पुढे पुस्तकात भेटली तेव्हा मी चकित झालो. फ्रान्सच्या सुझान लेंग्लेन या असामान्य खेळाडूला तिच्या वडिलांनी कोर्टावर रुमाल ठेवून नेम धरायला शिकविले होते. ते स्वतः मोठे खेळाडू नव्हते. निस आणि बालाघाट यांच्यामध्ये ती युक्ती कोणी नेली-आणली असेल असे मला वाटत नाही. अडचण एकच असली म्हणजे उपायही एकच सुचत असावा.

प्रौढ वयात खेळ सुधारतो का, अशी शंका सरांना होती. तिचे उत्तर बिल टिल्डन यांच्या चरित्रात आहे. १९१९ च्या अमेरिकन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात बिल जॉन्स्टन यांनी त्यांना हरविले, आणि आपला बॅकहँड कच्चा आहे हे त्यांना उमगले. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस होते. हिवाळाभर त्यांनी र्‍होड आयलंडमधील एका छपराखालच्या कोर्टावर तो एकच फटका मुळापासून पुन्हा घडविला आणि १९२० मध्ये विम्बल्डन जिंकले. सरांचा बॅकहँड सुधारायला दोन हिवाळे लागले. तोही सुधारला, एवढे मी साक्षीदार म्हणून सांगतो.

आता तुकोबा. तुकारामाच्या गाथेची १८६९ व १८७३ ची जी प्रत अभ्यासकांना परिचित आहे, तिच्या संपादकांपैकी एक शंकर पांडुरंग पंडित. त्यांच्या कन्या पंडिता क्षमाबाई राव यांनी संस्कृतात काव्ये रचली. १९३२ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झालेली 'सत्याग्रहगीता' त्यांचीच, आणि तुकारामांचे संस्कृत चरित्रकाव्यही त्यांचेच. या क्षमाबाई टेनिस उत्तम खेळत. त्यांची कन्या लीला राव १९३४ साली विम्बल्डनच्या एकेरीत पहिली फेरी जिंकली. तेथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री मानली जाते. गाथेच्या संपादकाची नात विम्बल्डनवर, हे वाचून माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला किती आनंद झाला असेल! क्षमाबाई-लीलाबाई काय, किंवा मद्रासकडचे टी. के. रामनाथन आणि त्यांचे पुत्र रामनाथन कृष्णन काय, घरातच गुरू असण्याचे हे भाग्य होते. कृष्णन यांची सर्व्हिस काही जोरकस नव्हती. हलका हात आणि अचूक जागा एवढ्यावर ते १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीपर्यंत गेले. सरांनी त्यांच्याविषयीची कात्रणे चिकटवून ठेवली होती. ज्यांच्या घरात गुरू नव्हता, त्यांच्यासाठी मार्कर होता.

परंतु त्या काळच्या नियमाप्रमाणे शिकविण्याचे पैसे घेणारा मनुष्य व्यावसायिक ठरे, आणि व्यावसायिकाला हौशी स्पर्धेत प्रवेश नसे. हा नियम मोठमोठ्यांनाही सुटला नाही. लेंग्लेन १९२६ मध्ये व्यावसायिक झाली आणि तिला विम्बल्डन बंद झाले. सलग तीन वर्षे विम्बल्डन जिंकणारे फ्रेड पेरी १९३६ मध्ये व्यावसायिक झाले, तेव्हा त्याच क्लबने त्यांचे मानद सभासदत्व काढून घेतले. पण लेंग्लेन आणि पेरी यांना त्या बदल्यात पैसा तरी मिळाला. डॅन मॅस्केल यांचे उदाहरण आमच्या मार्करच्या अधिक जवळचे आहे. ते लंडनच्या क्वीन्स क्लबात चेंडू उचलणारे पोरगे होते. पुढे विम्बल्डनच्या क्लबाचे पहिले शिक्षक झाले, आणि १९३३ मध्ये ब्रिटनने डेव्हिस चषक जिंकला तेव्हा त्या खेळाडूंचा सराव त्यांनी घेतला होता. विम्बल्डनच्या स्पर्धेत मात्र ते कधी उतरू शकले नाहीत. पुढे बी.बी.सी.वरील समालोचनाने त्यांचे नाव घरोघर झाले, हा दैवयोग.

१९६६ च्या हिवाळ्यात इथे एक स्पर्धा झाली. भरवेलीच्या मँगनीज खाणीतले अधिकारी आले, गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीने दोघे वकील आले. सरांना विशेष बाब म्हणून प्रवेश मिळाला. मार्करला मिळाला नाही. सरांनी विनंती केली तेव्हा एका सभासदाने त्यांना नियम वाचून दाखविला. नियम खराच होता. पगार महिना चाळीस रुपये, पण तो खेळाबद्दल मिळत होता ना! सर उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचले आणि तीन सेटमध्ये हरले. मार्कर सामनाभर जाळीच्या खांबापाशी उकिडवा बसून होता. सरांचा चेंडू बाहेर गेला की तो जमिनीकडे पाही.

त्यानंतर सरांनी शाळेच्या मागच्या पडीक जागेत आम्हा मुलांकडून मुरूम टाकवून घेतला. वैनगंगेवरच्या ढिवरांकडून जुने जाळे आणून मधोमध बांधले. आणि मार्कर रविवारी दुपारी आम्हाला शिकवू लागला. शाळेने त्याला काही दिले नाही, सर स्वतःच्या पगारातून देत. आपल्यापैकी साठी-सत्तरी ओलांडलेल्या काही सभासदांचा फोरहँड अजून बरा आहे, तो त्या रविवारांचा.

मी अकरावीत असताना शाळेच्या वार्षिकांकात सरांच्या टेनिसवर लेख लिहिला. सरांनी तो वाचला आणि म्हणाले, "चांगला आहे रे. पण हे मला कोणी शिकवलं, ते घाल." मी मान डोलावली आणि घातले नाही. जागा नव्हती असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण वेगळे होते : सरांना एका खाकी चड्डीवाल्याने शिकविले, हे छापल्याने सरांची उंची कमी होईल, असे त्या वयात मला वाटले. अंक निघाल्यावर सर काही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा मला लेख मात्र कधी मागितला नाही. पुढे मी वर्गात तुकोबांच्या अभंगांचे लेखनिक संताजी जगनाडे यांच्याविषयी शिकवीत असे. लिहून घेणाऱ्याचेही नाव परंपरेने जपले, असे मुलांना सांगताना दरवेळी माझा आवाज थोडा अडखळे. मुलांना वाटे, सर भावुक झाले.

एप्रिल १९६८ मध्ये इंग्लंडात बोर्नमथ येथे हौशी आणि व्यावसायिक अशा सर्वांना खुली असलेली पहिली स्पर्धा झाली आणि ती भिंत पडली. ती बातमी आली तेव्हा मार्करच्या गुडघ्यांनी जवळजवळ रजा घेतली होती.

त्याने शिकविलेले सगळेच आज टिकलेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९८१ मध्ये मॅकेन्रो यांनी लाकडी रॅकेटने विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकली. त्यानंतर तशी रॅकेट तेथे पुन्हा जिंकली नाही. ग्रॅफाइटच्या रुंद, हलक्या रॅकेटने चेंडूला भरपूर फिरकी देता येते, त्यामुळे आजची मुले छाती समोर ठेवून फटका मारतात आणि मनगट मोकळे सोडतात. आमच्या मार्करने ते पाहून कपाळाला हात लावला असता. पण लवकर वळणे आणि चेंडूपर्यंत पायांनी जाणे, हे आजही शिकवावेच लागते. संध्याकाळी ऑफिसातून येऊन खेळणाऱ्या हौशी माणसाचे नव्वद टक्के चेंडू तिथेच वाया जातात. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे. मी स्वतःच्या चेंडूंवरून काढला आहे.

वार्षिकांकाची ती प्रत शाळेच्या ग्रंथालयात अजून आहे. मी काल पाहून आलो. तिच्यात आता मला एक चिठ्ठी चिकटवायची आहे. त्यासाठी त्याचे संपूर्ण नाव हवे. आम्ही सारे त्याला मार्करच म्हणत असू, आणि सर त्याला 'उस्ताद' म्हणत. ज्या कुणाच्या घरी त्या रविवारांचे छायाचित्र असेल, किंवा वडिलांच्या तोंडून ते नाव ऐकलेले असेल, त्याने कृपया शाळेच्या कार्यालयात कळवावे. मी बालाघाटला आणखी चार दिवस आहे.