कान्हेरीला वेफर्स पळवणारं माकड नेमकं कोणतं? त्याला खायला का घालू नये?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलेल्या जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये माकडाचा एखादा फोटो असतोच. पण हे माकड नक्की कोणतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

माकड की वानर?

काळं तोंड, राखाडी अंग आणि लांबलचक शेपटी असेल तर ते वानर. ते प्रामुख्याने पाला खातं. गुलाबी-लालसर तोंडाचं, तपकिरी अंगाचं ते माकड. डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडून टोपीसारखे पसरले असतील आणि शेपटी अंगाइतकी लांब असेल, तर ते 'बॉनेट मकाक'. बॉनेट म्हणजे टोपी. उत्तर भारतात सर्रास दिसणाऱ्या ऱ्हीसस माकडाला अशी टोपी नसते आणि त्याची शेपटी आखूड असते.

ते खास का आहे?

बॉनेट मकाक फक्त दक्षिण भारतात, म्हणजे साधारण तापी नदीच्या खालीच आढळतं. सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलापासून गावातल्या वडापर्यंत ते कुठेही राहतं. तरीही आययूसीएनच्या लाल यादीत ते 'असुरक्षित' गटात आहे. अधिवास कमी होतोय आणि ऱ्हीसस माकडं दक्षिणेकडे सरकत त्याची जागा घेत आहेत.

टोळी कशी चालते?

माद्या जन्मभर आपल्याच टोळीत राहतात, बरेचसे नर मोठे झाल्यावर दुसरीकडे जातात. साधारण साडेपाच महिन्यांनी मादीला सहसा एकच पिल्लू होतं. या जातीतले नर एकमेकांना मिठी मारतात, एकमेकांचे केसही साफ करतात. गालातल्या पिशव्यांत फळं भरून ती दूर नेऊन खातात, त्यामुळे बिया जंगलभर पसरतात.

खायला घातलं तर काय बिघडतं?

आयतं अन्न मिळालं की टोळी जंगल सोडून रस्त्यावर बसते. मग गाडीखाली येण्याचा धोका वाढतो, माणसाची भीती जाते, हिसकाहिसकी आणि चावे सुरू होतात. जंगलात बिया पसरवण्याचं कामही कमी होतं. उद्यानात प्राण्यांना खायला घालण्यास बंदी आहे, ती यासाठीच.

आणि सेल्फी?

माकडाने दात दाखवले म्हणजे ते हसत नाही, घाबरलेलं असतं. तोंड उघडून रोखून बघत असेल तर ती धमकी समजा. अशा वेळी नजर वळवा आणि शांतपणे मागे व्हा. खाऊ आधीच बॅगेत ठेवलेला बरा.