पाझर व गळती, ट्रकच्या एक्सलमधील

एक्सलमधील गिअर ऑइल किंवा हबमधील ग्रीस सील, जोड वा प्लगवाटे बाहेर येणे. बाहेर आलेले वंगण पृष्ठभागावर ओलसर थर धरून राहते, थेंब पडत नाही आणि दोन सर्व्हिसिंगांच्या दरम्यान आतली पातळी जाणवण्याइतकी उतरत नाही, तेव्हा त्याला पाझर म्हणतात. थेंब सुटू लागला, ओघळ धरला किंवा पातळी उतरू लागली की ती गळती. हा भेद हाऊसिंगपुरताच खरा. चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकपाशी दिसणारा कोणताही ओलावा गळतीच मानावा.

जागा : मागच्या एक्सलच्या हाऊसिंगमध्ये क्राऊन-पिनियन आणि डिफरन्शियल गिअर ऑइलमध्ये फिरतात. हे ऑइल सामान्यतः जीएल-5 दर्जाचे, 80डब्ल्यू-90 किंवा 85डब्ल्यू-140 जाडीचे असते. ते बाहेर येण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : पिनियन सील, कॅरियर व हाऊसिंगचा जोड, एक्सल शाफ्टच्या फ्लँजचे पॅकिंग, भरण्याचा व काढण्याचा प्लग, ब्रीदर आणि हब सील. ओव्हरलोड चालणाऱ्या गाड्यांत कधी हाऊसिंगलाच बारीक तडा जातो. तो वेळेवर दिसला नाही तर एक्सल मोडण्यापर्यंत गोष्ट जाते.

कारणे : सीलची रबरी कड फिरत्या भागावर तेलाच्या अतिशय पातळ थराच्या आधाराने टेकलेली असते. हा थर नसेल तर कड घासून जळते. त्यामुळे उत्तम सीलपाशीही किंचित ओलावा येऊ शकतो. नवे सील बसवताना लावलेले ग्रीस पहिल्या फेऱ्यांत वितळून बाहेर येते, तेही गळतीचे लक्षण नव्हे. खरी गळती सील उष्णतेने कडक झाल्याने, पिनियन बेअरिंगमध्ये प्ले आल्याने किंवा सील घासून फ्लँजवर चर पडल्याने होते. नखाला चर लागत असेल तर नुसते सील बदलून काम भागत नाही.

ब्रीदर : दुर्लक्षित, पण महत्त्वाचे कारण. गाडी चालते तसे हाऊसिंग तापते, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून निघून जाते. चिखल किंवा रंगाने ब्रीदर बुजला की तोच दाब तेलाला सीलमधून बाहेर रेटतो. एकाच एक्सलची दोन-तीन सीले एकदम ओली झाली किंवा नवे सील लगेच पुन्हा पाझरू लागले, तर सीलला दोष देण्याआधी ब्रीदर काढून साफ करावा. जास्त भरलेल्या तेलानेही असेच होते. तेलाची पातळी सपाट जागेवर, गाडी थंड असताना, भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेला टेकलेली हवी. बोट आत घातल्यावर तेल लागते, एवढ्याने पातळी बरोबर ठरत नाही.

ओळख : पाझराच्या जागी धूळ चिकटून काळा, कोरडसर थर जमतो. चालू गळती मात्र धूळ धुऊन नेते. म्हणून मळकट हाऊसिंगवर एखादा चकचकीत, स्वच्छ ओघळ दिसला तर तोच संशयित. तेल खाली उतरते आणि वाऱ्याने मागे उडते. त्यामुळे ओल्या भागातील सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा बिंदू शोधावा. गिअरबॉक्सचे तेल उडून एक्सलवर बसल्याने भलतेच सील बदलले जाऊ शकते. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, त्यावरून ते इंजिनच्या तेलापासून वेगळे ओळखता येते.

शंका राहिल्यास तो भाग डिझेलने धुऊन, पूर्ण कोरडा करून त्यावर खडूची पूड मारावी, गाडी एक फेरी चालवावी आणि पुन्हा पाहावे. पूड जिथे प्रथम भिजते तिथे उगम. पातळी व धुण्याची तारीख दोन्ही लिहून ठेवावी. नोंदीशिवाय पाझर वाढतो आहे की नाही हे सांगता येत नाही.

प्रमाण : साधारण 20 थेंबांचा 1 मिलिलीटर धरल्यास मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे 72 मिलिलीटर, महिन्याला 2 लीटरांहून अधिक. पातळी बरीच उतरली की आधी पिनियनच्या बेअरिंगना तेल कमी पडू लागते.

हब : अनेक भारतीय ट्रकांत मागच्या हबमध्ये ग्रीस भरलेले असते आणि डिफरन्शियलचे तेल आतल्या सीलने अडवलेले असते. हे सील गेले की तेल हबमध्ये शिरून ग्रीस पातळ करते आणि ते ड्रममध्ये उतरते. टायरच्या आतल्या भिंतीवर मध्यापासून कडेकडे फाकलेले तेलकट पट्टे ही त्याची खूण. भिजलेल्या लायनरची पकड जाते, एका बाजूचा ब्रेक कमी लागतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. बोरघाट किंवा कसारा घाट उतरताना हा फरक जिवावर बेततो. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन वा जाळून पुन्हा बसवू नयेत, कारण तापल्यावर आत मुरलेले तेल परत वर येते. त्याच एक्सलच्या दोन्ही बाजूंचे लायनर एकत्र बदलावेत.

पुढचा एक्सल : बहुधा ग्रीसचा, जास्त भरलेले ग्रीस वितळून बाहेर येते.

नियम : अमेरिकेच्या संघराज्य नियमावलीतील 396.5 हे कलम व्यापारी वाहन तेल व ग्रीसच्या गळतीपासून मुक्त असावे असे सांगते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 62 नुसार वाहनाची योग्यता तपासणी, म्हणजे पासिंग, होते. पासिंगआधी गाडी धुतली की पाझराच्या खुणाही जातात. म्हणून मालकाने स्वतःची तपासणी धुण्यापूर्वी करावी. हाऊसिंगवरचा कोरडा पाझर किती काळ चालवून घ्यावा, याबाबत उत्पादकांच्या सूचना सारख्या नाहीत. त्या-त्या गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी.

इतिहास : हायपॉइड गिअर (क्राऊन-पिनियनचा एक प्रकार) 1920 च्या दशकात मोटारींत आले, त्यांना दाब सोसणारे विशेष तेल लागते.

निर्णय : तेल किती येते यापेक्षा ते कुठून येते हे आधी पाहावे. हाऊसिंगच्या जोडावरचा ओलावा नोंद करून पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबू शकतो. हबमधून आलेले तेल दिसले तर गाडी दुरुस्तीशिवाय घाटात घालू नये.