नवा स्कॅनर की जुना? निगेटिव्ह स्कॅन करण्याचा छोटासा इतिहास

ज्यांच्या घरी माळ्यावर निगेटिव्हची पाकिटं पडून आहेत, त्यांच्यासाठी आजचा भाग. प्रश्न साधाच आहे: फिल्म स्कॅनर घ्यायचा तर नव्या मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

उत्तरासाठी जरा मागे जाऊ. २००० नंतरची काही वर्षं म्हणजे घरगुती फिल्म स्कॅनरचा सुवर्णकाळ. निकॉनचा कूलस्कॅन ५००० तेव्हाचा राजा, ४००० डीपीआयचा. पण तोवर लोकांच्या हातात डिजिटल कॅमेरे आले, फिल्मचे रोल खपेनात आणि निकॉनने स्कॅनर बनवणंच थांबवलं. म्हणजे बघा, या धंद्यात ‘नवं ते चांगलं’ हा नियम तिथेच मोडला. आजही जुना कूलस्कॅन शोधणारे लोक आहेत.

मागे उरले मुख्यतः फ्लॅटबेड, म्हणजे झेरॉक्स मशीनसारखी सपाट काच असलेले. एप्सनने २००६ मध्ये व्ही ७०० आणला आणि २०१४ मध्ये व्ही ८०० आणि व्ही ८५०. मधल्या आठ वर्षांत बदललं काय? जुन्यात फ्लोरोसंट दिवा होता, तो तापायला थोडा वेळ घ्यायचा. नव्यात एलईडी आला, वाट बघणं संपलं. फिल्म धरणारे होल्डर सुधारले. व्ही ८५० च्या काचांवर चकाकी कमी करणारा लेप आला. पण खोक्यावरचा आकडा तोच राहिला, ६४०० डीपीआय.

आता खरी गंमत. चाचण्यांमध्ये व्ही ७०० चा प्रत्यक्ष तपशील सुमारे २३०० डीपीआयच भरला. बाकीचे पिक्सेल म्हणजे आमटीत वाढवलेलं पाणी! हिशोब करू. ३५ मिलिमीटरची एक फ्रेम २३०० डीपीआयला जेमतेम ७ मेगापिक्सेल देते, ४००० डीपीआयला २१. फरक मोठा आहे. पण १२० रोलची ६ बाय ६ ची निगेटिव्ह त्याच २३०० डीपीआयला २५ मेगापिक्सेल देते. म्हणजे आधी स्कॅनर नाही, आपली फिल्म बघायची.

दुसरा मुद्दा धुळीचा. डिजिटल आईस नावाचं तंत्र अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या एका कंपनीने आणलं. रंगीत फिल्ममधून इन्फ्रारेड प्रकाश आरपार जातो, पण धूळ आणि ओरखडे त्याला अडवतात. त्यामुळे डाग नेमका कुठे आहे ते मशीनला कळतं आणि ते तो पुसतं. झकास! फक्त कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचं असतं आणि चांदीही इन्फ्रारेड अडवते. तिथे आईसचा काही उपयोग नाही. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म कित्येक घरांत वापरली गेली, ती कृष्णधवल. तिच्यासाठी आईसचे जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आता माझंच सांगतो. आमच्याकडच्या बहुतेक निगेटिव्ह आजोबांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या आहेत. १२० रोल, साधं भिंग, कृष्णधवल. त्या भिंगाने जे टिपलंच नाही, ते कुठलाही स्कॅनर काढून देणार नाही. तेव्हा महागड्या मॉडेलची गरज उरली नाही.

पण निर्णय पक्का झाला तो वेगळ्याच कारणाने. पाकिटं उघडली तर आंबट वास आला, व्हिनेगरसारखा. अ‍ॅसिटेट फिल्म उष्णता आणि दमटपणामुळे कुजायला लागली की असा वास येतो. मग ती आकसते, वाकडी होते, आणि हे उलटं फिरवता येत नाही. कोकणातले इतके पावसाळे तिने काढलेत! दुसरं म्हणजे, त्या फोटोंतले चेहरे नावानिशी ओळखणारी माणसं आता घरात दोनच उरलीत, आत्याआजी आणि तिचा धाकटा भाऊ. नव्या मॉडेलसाठी अजून वर्षभर पैसे साठवत बसलो असतो, तर फोटो चकचकीत मिळाले असते आणि नावं गेली असती.

म्हणून मी जुना व्ही ७०० घेतला, वापरलेला. घेण्याआधी तीन गोष्टी तपासल्या: काचेच्या आतल्या बाजूला धुरकटपणा आहे का, सगळे होल्डर सोबत आहेत का, आणि आपल्या कंप्युटरवर तो चालतो का. सॉफ्टवेअरची अडचण आली तर व्ह्यूस्कॅन जुन्या मशीनना सांभाळून घेतं.

मग नवा कधी घ्यावा? रोज शेकडो फ्रेम स्कॅन करायच्या असतील, वॉरंटी हवी असेल, तर जरूर घ्या. फिल्म ३५ मिलिमीटरची असेल आणि मोठे प्रिंट काढायचे असतील, तर मात्र फ्लॅटबेडपेक्षा खास फिल्म स्कॅनर बघा. बाकीच्यांनी वाचलेल्या पैशातून एक हार्ड डिस्क घ्यावी आणि प्रत्येक फाईलला नाव, गाव, साल देत जावं. ते काम कुठलाही स्कॅनर करत नाही.

आज घरी एकच करा: पाकीट उघडा आणि वास घ्या. आंबट असेल तर घाई करा. भेटू पुढच्या भागात!