पदरावरचे वस्त्र : कोल्हापुरातील शेला, शाल आणि खासबागेचे रंगमंदिर

मराठी स्त्रीच्या पेहरावाविषयी लिहिताना साडीचे पोत, काठ, पदर आणि चोळीची बेतणी यांचा तपशील पुष्कळ दिला जातो. परंतु समारंभाच्या साडीवर जे दुसरे वस्त्र घेतले जाई, ते कोणते असावे, कसे घ्यावे आणि कोणाला काय शोभेल, या विचाराची नोंद फारशी झालेली नाही. वास्तविक या निवडीत प्रतिष्ठा, ऋतू, शरीराची ठेवण आणि पाहणाऱ्याची नजर अशा चारही गोष्टींचा मेळ घालावा लागे, आणि त्या दृष्टीने कोल्हापूरच्या मंगळवार पेठेसारखा परिसर अभ्यासास सोयीचा आहे. अंबाबाईचे मंदिर, छत्रपतींच्या दरबाराशी निगडित जुना राजवाडा आणि खासबागेतील नाट्यगृह अशी नटूनथटून जाण्याची तिन्ही ठिकाणे येथून पायी अंतरावर आहेत आणि प्रत्येक ठिकाणी वरच्या वस्त्राकडून अपेक्षा निराळी असे.

या वस्त्रांत शेल्याचा मान मोठा होता. शेला म्हणजे तलम रेशमी वा सुती पोताचे, जरीच्या काठांचे लांबट वस्त्र. ते शिवलेले नसे, खांद्यावरून किंवा डोक्यावरून घेतले जाई आणि पैठणसारख्या ठिकाणी साडीच्याच तंत्राने विणले जाई. त्याच्या जोडीला काश्मिरी शाल होती. बकऱ्यांच्या पोटाजवळच्या मऊ लोकरीपासून, म्हणजे पश्मिन्यापासून विणलेल्या शालींची जोडी दरबारातून मानाचे वस्त्र म्हणून दिली जाई, तिला शालजोडी म्हणत. आजही गावोगावच्या सत्कारात दिली जाणारी शाल आणि श्रीफळ हा त्याच पद्धतीचा सर्वसामान्यांपर्यंत पोचलेला अवशेष होय. ज्यांना पश्मिना परवडत नसे त्यांच्यासाठी औरंगाबादचा हिमरू होता. सुताच्या ताण्यावर रेशमाचा बाणा घालून विणलेल्या या कापडाच्या शाली दिसायला भारदस्त असत. याखेरीज गोषा पाळणाऱ्या मराठा घराण्यांत, म्हणजे स्त्रियांनी परपुरुषांच्या दृष्टीस पडू नये असा दंडक असलेल्या घरांत, बाहेर पडताना अंगभर चादर घेण्याची रीत होती. तेथे सौंदर्याचा प्रश्न गौण होता आणि आतल्या साडीची किंमत केवळ पावलांजवळ दिसणाऱ्या काठावरून ओळखावी लागे.

शेला नऊवारीवर इतका शोभे, याचे कारण नऊवारीच्या घडणीत आहे. नऊवार साडी नेसताना निऱ्या पोटाशी खोचून कासोटा मागे घेतला जातो, पदर डाव्या खांद्यावरून पाठीवर नेऊन पुष्कळदा पुन्हा पुढे आणून कमरेला खोचला जातो. या पद्धतीत कंबर, पोटऱ्या आणि पाय यांची ठेवण ठळक होते आणि हालचाल मोकळी राहते, पण कमरेपासून वर सरळ खाली येणारी लांब रेघ मात्र उरत नाही. ती रेघ शेला पुरवतो. तो मानेमागून दोन्ही खांद्यांवर घेऊन टोके पुढे सोडली की ठेंगणी बांधणीही उंच भासते. एकाच खांद्यावर घडी करून ठेवला तर चोळीवरचे दागिने, विशेषतः कोल्हापुरी साज आणि ठुशी, झाकले जात नाहीत. डोक्यावरून घेतला तर चेहऱ्याभोवती जरीची चौकट तयार होते, परंतु मग अंबाड्यावरची फुले आणि वेणी आत दडते. म्हणजे शेला कसा घ्यायचा हे ठरवताना कोणते अलंकरण पुढे ठेवायचे आणि कोणते मागे, हेही ठरत असे. कोल्हापुरात कर्नाटकातून येणाऱ्या इरकली साड्यांचा वापर पूर्वीपासून मोठा. लाल भूमीवर पांढऱ्या नक्षीचा इरकलीचा टोप पदर मुळातच बोलका असल्यामुळे तिच्यावर भरगच्च शेला शोभत नाही, साध्या भूमीचा आणि बारीक काठाचाच शोभतो. उलट एकरंगी शालूवर किंवा काळ्या चंद्रकळेवर जरीचा शेला उठून दिसतो.

खालच्या पोशाखाचा आकार बदलला की वरचे वस्त्रही बदलते, हा नियम अन्यत्रही दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये स्त्रिया पातळ मलमलीचे, उंच कमरेचे झगे घालू लागल्या तेव्हा संध्याकाळच्या मेजवान्यांत त्यांवर काश्मिरी शाल घेण्याची चाल पडली आणि सम्राट नेपोलियनची पत्नी जोसेफीन हिच्यामुळे ती प्रतिष्ठेची ठरली. स्कॉटलंडमधील पेस्ली येथे तिच्या नकला विणल्या गेल्या आणि आंब्याच्या कोयरीच्या नक्षीला युरोपात त्या गावाचेच नाव मिळाले. पुढे 1870 नंतर झग्याला पाठीमागे उभार देण्याची पद्धत आली, तशा झग्यावर शाल नीट बसेना आणि शालीची चाल ओसरली. काश्मिरातील विणकरांवर त्याचा जो आघात झाला त्याचे मूळ अशा रीतीने पॅरिसच्या शिवणकामातही होते, हे विसरता येत नाही.

कोल्हापुरात वरच्या वस्त्राच्या निवडीला नवी नजर मिळाली ती रंगभूमीमुळे, असे मानण्यास आधार आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेले होते. तेथे पाहिलेल्या वास्तूंचा ठसा त्यांच्या मनावर उमटला आणि परतल्यावर खासबागेत कुस्तीचे मैदान व त्यालगत पॅलेस थिएटर या वास्तू उभ्या राहिल्या. 1915 मध्ये सुरू झालेल्या या नाट्यगृहाला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवरावांचा जन्म कोल्हापुरातच 1890 मध्ये झाला. बालवयात त्यांनी नाटककार देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील शारदेची भूमिका गाजवली आणि 1908 मध्ये ललितकलादर्श ही स्वतःची नाटक मंडळी काढली. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत, त्यांना स्त्रीपार्टी म्हणत. आणि वरच्या वस्त्राच्या इतिहासात या स्त्रीपार्टी नटांचे स्थान मोलाचे आहे.

त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. पुरुषाचे खांदे रुंद, मान जाड, कंबर सरळ आणि हात दणकट. वय वाढले की यांतली प्रत्येक गोष्ट अधिक ठळक होई. त्यावर उपाय वस्त्रातूनच शोधावा लागे. दोन्ही खांद्यांवरून सैल घेतलेला पदर किंवा शेला खांद्यांची रुंदी तोडतो, त्याची कोपरापर्यंत उतरणारी घडी दंड झाकते आणि एका बाजूचे टोक लांब, दुसरे आखूड सोडले तर सरळ कमरेला तिरकी रेघ मिळते. कापड फार कडक असले तर ते खांद्यावर उभे राहून नेमके नको तेथे लक्ष वेधते. फार तलम असले तर अंगाला चिकटून बांधा उघडा करते. म्हणून मध्यम वजनाचे, सुळसुळीत पण टोकाला जरीमुळे भार असलेले कापड सर्वांत उपयोगी ठरते. रंगमंचावरचा दिव्यांचा पिवळसर उजेड फिकट निळ्या-हिरव्या रंगांना मळकट करतो आणि जरीला चमक देतो, हेही रंगाची निवड करताना ध्यानात घ्यावे लागे. बालगंधर्वांनी, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस यांनी, 1913 मध्ये स्थापन केलेल्या गंधर्व नाटक मंडळीत खऱ्या पैठण्या, शालू आणि उंची अत्तरे वापरली जात, आणि त्यांच्या नेसण्याचे, केशरचनेचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत, हे सर्वश्रुत आहे. केशवराव आणि बालगंधर्व 8 जुलै 1921 रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’मध्ये, म्हणजे दोघांच्या मंडळींनी मिळून केलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या प्रयोगात, एकत्र उभे राहिले, तेव्हा बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव धैर्यधर, त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवरावांचे निधन झाले.

पुरुष नटाच्या अडचणीतून निघालेली शेला-पदर घेण्याची ही युक्ती प्रेक्षागृहात बसलेल्या स्त्रियांना उपयोगी पडली, यात नवल नाही. कारण प्रत्येक देहात काही झाकायचे आणि काही दाखवायचे असतेच, आणि रंगमंचावर ते दुरून, उजेडात, एखाद्या धड्यासारखे समोर मांडले जात होते. घरातल्या आरशात हे कळत नाही, आणि म्हणूनच कोल्हापूरच्या पेहरावाचा इतिहास लिहिताना नाट्यगृह वगळणे योग्य होणार नाही. त्याच सुमारास कोल्हापुरातील चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 1920 च्या ‘सैरंध्री’ या चित्रपटापासून पडद्यावर प्रत्यक्ष स्त्रिया आणल्या आणि स्त्रीपार्टीची गरज हळूहळू सरली.

शेल्याला खरी ओहोटी लावली ती सहावारी साडीने. विसाव्या शतकात शिकलेल्या मुली सहावारी नेसू लागल्या, आणि सहावारीत पदर कमरेला न खोचता पाठीवर मोकळा सोडला जात असल्यामुळे शेला जी लांब रेघ पुरवीत होता ती पदरच पुरवू लागला. शिवाय पैठणीचे मोर आणि कमळे पदरावरच असतात. त्यावर दुसरे वस्त्र घेणे म्हणजे साडीचा सर्वांत मोलाचा भाग झाकणे होय. त्यामुळे शाल उरली ती थंडीपुरती, डाव्या हातावर घडी घालून न्यायची किंवा उजव्या खांद्यावर ठेवायची वस्तू म्हणून. संस्थानिक घराण्यांत याच काळात फ्रेंच शिफॉनच्या साड्या आल्या. बडोद्याच्या राजकन्या आणि कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी यांनी ती चाल रूढ केली. शिफॉन इतका झिरझिरीत असतो की त्यावर जड शाल घेतली तर ती घसरते आणि साडी चुरगळते, म्हणून तेथे हलका पश्मिनाच उपयोगी पडतो. सामान्य घरांत मात्र गिरणीतल्या लोकरीचा स्वेटर पुढे आला. तो ऊब देतो, पण पदर आत दाबून साडीची सारी पडण मोडतो. सोयीसाठी शोभेचा एवढा त्याग इतक्या मुकाट्याने क्वचितच केला गेला असेल.

शेला नाहीसा झाला नाही, कारण लग्नविधीने त्याला धरून ठेवले. सप्तपदीच्या वेळी वराचे उपरणे, म्हणजे खांद्यावरचे वस्त्र, आणि वधूचे वस्त्र यांची गाठ बांधतात. अलीकडे लग्नात नऊवारी पुन्हा मानाने नेसली जाऊ लागली, तसा शेलाही वधूच्या उजव्या खांद्यावर परतला आहे. डाव्या खांद्यावर पदर आणि उजव्यावर शेला असल्याने चोळी व दागिने मधोमध मोकळे राहतात आणि दोन्ही बाजूंना उभ्या रेघा मिळतात; ही रचना उत्तम आहे. तिचे यश मात्र तीन गोष्टींवर ठरते. शेल्याचा रंग साडीच्या भूमीशी न जुळता तिच्या काठाशी जुळावा, म्हणजे हिरव्या भूमीच्या आणि लाल काठाच्या साडीवर लाल शेला घ्यावा. त्याचे टोक गुडघ्याच्या खाली उतरावे, कारण कमरेशी थांबलेला शेला देहाचे आडवे दोन भाग पाडतो. आणि खांद्यावर पिन लावताना घड्या एकावर एक न रचता पायरीपायरीने सरकत्या ठेवाव्यात. बाजारात आता घड्या शिवून अरुंद केलेले तयार शेले मिळतात. ते लावायला सोपे असले तरी कापडाला पडण उरत नाही आणि चालताना ते फळीसारखे अंगावर आपटतात. पूर्ण पन्ह्याचा, न शिवलेला शेला घेऊन घरातल्या जाणत्या बाईकडून त्याच्या घड्या घालून घेण्यास दहा मिनिटे अधिक लागतात, आणि समारंभ संपल्यावर तोच शेला उलगडून डोक्यावरून घेता येतो.